त्या धाकट्याचं काय झालं पुढं?

आज दुपारी एका मित्राकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगत उठल्यावर गच्चीवर पान खात बसलो होतो. त्याची मुलगी सातवीत आहे. शाळेच्या वाचनालयातलं 'हॉबिट' तिनं वाचून संपवलंय आणि आता तिला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बघायचाय. विचारायला आली, "काका, साधा बघू की एक्स्टेंडेड?" एक्स्टेंडेड म्हणजे थिएटरमध्ये न दाखवलेले सीन घालून काढलेली त्याच सिनेमाची लांब प्रत. मी तोंड उघडायच्या आत चौघांनी निकाल देऊन टाकला. साधाच बघ. एक्स्टेंडेडमध्ये नुसतं पाणी वाढवलंय. एकजण तर म्हणाला, लांबडा लावलासच तर मधले सीन पळव. कुठले पळवायचे ते बोटांवर मोजूनही दाखवले. दुसऱ्या बोटाला जो सीन आला तो ऐकला आणि मी उठून खाली आलो. नव्या घरात पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून गप्प बसलो. पण घरी येऊन चार तास झाले, डोकं शांत होत नाही.

तो सीन म्हणजे 'द टू टॉवर्स'मधला, तीनपैकी दुसऱ्या भागातला, ओस्गिलियाथ शहराचा. बोरोमिरनं शहर परत जिंकलंय, झेंडा रोवलाय, दोघं भाऊ हसतायत, पेले भरतायत. तेवढ्यात बाप येतो, डेनेथॉर. थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्या फारामिरकडे बघून जे बोलतो ते ऐकवत नाही. थोरला मध्ये पडतो, तुमच्यावर त्याचा फार जीव आहे म्हणून सांगतो. बाप झिडकारतो. मग थोरल्याला बाजूला घेऊन, सगळी गोष्ट जिच्याभोवती फिरते ती अंगठी आणायला धाडतो. धाकटा म्हणतो मी जातो, तर त्याला तिथेच गप्प करतो. थिएटरमध्ये हे काहीच नव्हतं. डेनेथॉर त्या दुसऱ्या भागात दिसतच नाही. म्हणे हा सीन पळवा.

आता माझं सांगतो. 2005ची दिवाळी. दादा तेव्हा नोकरीनिमित्त परदेशात होता, येताना तिन्ही भागांच्या एक्स्टेंडेड डीव्हीडींच्या पेट्या घेऊन आला. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या, प्रत्येक पेटीत चार डिस्क, दोन सिनेमाच्या आणि दोन तो कसा बनवला त्याच्या. मी तेव्हाही इथेच, तासगाव भागात, द्राक्षबागेत. ऑक्टोबर छाटणी झालेली, पाऊस लांबलेला, डावणी रोगाच्या भीतीनं रोज फवारणी. दिवाळीचं उटणं लावलं तरी हाताचा औषधाचा वास जात नव्हता.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, सिनेमा बघणारे नव्हते. इंग्रजी तर अजिबात नाही. पण थोरला लेक दोन वर्षांनी घरी आलेला, तो जिथे बसेल तिथे आण्णा बसणार. टीव्हीसमोर दादा, शेजारी खुर्चीत आण्णा, उंबऱ्यात मी. दादा एकेक वाक्य मराठीत सांगत होता. लोडशेडिंगमुळे एक भाग कधी एका बैठकीत झाला नाही. पहिल्या भागात एल्रॉन्डची सभा संपून अंगठी नष्ट करायला जाणारे नऊजण ठरले, तिथे डिस्क बदलायची होती आणि नेमके दिवे गेले. अंधारात आण्णा म्हणाले, "निघाली म्हनायची दिंडी." मला त्या मोहिमेचं त्याहून नेमकं वर्णन अजून मिळालेलं नाही.

ज्यांना हे पाणी वाटतं त्यांना मला विचारायचंय, नक्की किती पाणी? पहिला भाग 178 मिनिटांचा 208 झाला, दुसरा 179चा 223, तिसरा 201चा 251. शेवटची फॅन क्लबच्या सभासदांची नावं सोडून. म्हणजे तिन्ही मिळून साधारण दोन तास जास्त. मॅचच्या एका इनिंगलाही याहून जास्त वेळ लागतो आणि ती आपण पापणी न लवता बघतो. आणि हे कापलेले तुकडे नंतर उचलून चिकटवलेले नाहीत हो! संगीतकार हॉवर्ड शोअरनं त्यांच्यासाठी नवं संगीत केलं, पुन्हा ध्वनिमुद्रण झालं. पहिल्या भागात फ्रोडो आणि सॅम रात्री रानातून जाणारे एल्व्ह्ज बघतात, कायमचे निघालेले. ॲरागॉर्न आईच्या थडग्यावरचा पालापाचोळा हातानं बाजूला करतो. गिम्ली गॅलाड्रिएलकडे भेट म्हणून एक केस मागतो, ती तीन देते. आयुष्यभर कुऱ्हाड घेऊन फिरलेला तो बुटका हे नावेत बसून सांगतो तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा होतो. यात काय पळवायचं ते मला दाखवा.

आणि सारुमान! दोन भाग ज्या माणसानं खलनायक म्हणून उभे केले, त्या ख्रिस्तोफर लीला तिसऱ्या भागातून, थिएटरच्या प्रतीतून, पूर्ण काढून टाकलं. मनोऱ्यात अडकलाय म्हणे, विषय संपला. हा माणूस दरवर्षी ते पुस्तक वाचायचा, ते लिहिणाऱ्या खुद्द टोल्किनना एकदा भेटलेला. तो नाराज झाला आणि नाराजी त्यानं लपवलीही नाही. त्याचा शेवट बघायचा तर एक्स्टेंडेडच लावावा लागतो.

पुन्हा त्या रात्रीकडे येतो. भाऊबीजेची रात्र, दुसरा भाग. ओस्गिलियाथचा सीन आला. दादा नेहमीसारखा सांगत होता, हे दोघं भाऊ, हा मोठा, लढाई जिंकली. म्हातारा आला. आणि डेनेथॉर धाकट्याबद्दल बोलायला लागला तसा दादा थांबला. टीव्हीवर बोलणं चालू, खोलीत कुणीच बोलेना. आण्णांनी विचारलं, "काय म्हनला त्यो म्हातारा?" दादा म्हणाला, "काय नाय आण्णा, कामाचं बोलत्यात."

मला खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. म्हातारा म्हणत होता की याचा उपयोग किती ते मला माहीत आहे, आणि तो फार थोडा आहे.

का थांबला दादा, ते आमच्या घरातल्या प्रत्येकाला कळलं असतं. त्या आठवड्यात फराळाला जो येईल त्याला आण्णा सांगत होते, "थोरल्यानं नाव काढलं." आणि मग माझ्याकडे बघून, "धाकटा हाय हितंच." यात वाईट काहीच नव्हतं. शिवी नव्हती, तक्रार नव्हती. मी बागेतून येऊन पाय धूत असायचो आणि माझ्याबद्दल तीन शब्द व्हायचे. हाय हितंच.

आण्णा काही बोलले नाहीत. पण चेहरे वाचायला इंग्रजी लागत नाही, आणि त्या धाकट्याचं काम करणाऱ्या डेव्हिड वेनमचा तो चेहरा तर नाहीच नाही. सीन संपल्यावर आण्णा उठले, माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन बसले ते खुर्चीत नाही, खाली, उंबऱ्याजवळ.

दादा दुसऱ्या दिवशी गेला, पेट्या ठेवून गेला. तिसरा भाग राहिलेला. चारेक दिवसांनी मी बागेत विरळणीच्या बायकांचा हिशोब करत होतो... नाही, विरळणी तेव्हा नव्हती, फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढणं चाललं होतं. आण्णा बांधावर आले. द्राक्षाबद्दल काही नाही, औषधाबद्दल काही नाही. म्हणाले, "त्या धाकट्याचं काय झालं पुढं?"

संध्याकाळी लाईट आली तशी मी डिस्क लावली. आता मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. बाप धाकट्याला मरायला पाठवतो ते मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. चितेवरून त्याला वाचवतात. आणि इथे, साध्या प्रतीत, फारामिर गायब होतो! एकदम शेवटी राज्याभिषेकाच्या गर्दीत राजघराण्यातल्या एओविनच्या शेजारी उभा दिसतो. कसा वाचला, ती कुठून आली, काही नाही. एक्स्टेंडेडमध्ये तो जखमींच्या खोलीत दिसतो. ॲरागॉर्न एओविनला शुद्धीवर आणतो, गाणं चालू असतं, ती खिडकीशी येते आणि समोर हा. नंतर तटावर दोघं. अंधार टिकायचा नाही असं तो तिला सांगतो, तिचा हात हातात घेतो. तेवढंच. दोन-तीन मिनिटं असतील सगळी मिळून.

आण्णा म्हणाले, "लागलं म्हनायचं पोरगं मार्गी." आणि पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. गुडघे दुखायचे त्यांचे, आधार लागायचा. पण आधाराला दाराची चौकट होती, हे मी वीस वर्षं लक्षात ठेवलंय.

तुमच्या त्या साध्या प्रतीत माझ्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर नाही. माझ्यासाठी विषय तिथे संपतो.

बरं, मान्य करतो. एक्स्टेंडेडच्या तिसऱ्या भागातला कवट्यांचा तो धबधबा नको होता. काळ्या जहाजांतून ॲरागॉर्न येतोय हे गुपित आधीच फुटतं, मग ती जहाजं धक्क्याला लागल्यावर छाती धडधडत नाही. बोलणी करायला आलेल्या शत्रूच्या दूताचं मुंडकं ॲरागॉर्ननं उडवणं मला आजही पटत नाही. आणि खुद्द दिग्दर्शक पीटर जॅक्सन थिएटरच्याच प्रतींना आपल्या खऱ्या प्रती म्हणतो, हेही ठाऊक आहे. म्हणू दे. बाग लावणाऱ्याला कधीकधी कळत नाही कुठल्या वेलीचा माल गोड निघाला.

राहता राहिल्या त्या दोन जादा डिस्क. त्या तर कुणी काढूनही बघत नाही आणि म्हणे वेळ वाया. चिलखताच्या कड्या प्लॅस्टिकच्या नळीतून कापून एकेक हातानं जोडणारी माणसं त्यात दाखवलीत, जोडून जोडून बोटांचे ठसे झिजलेली. घडाघडातले मणी कात्रीनं विरळ करणाऱ्या आमच्या बायकांची बोटं मी रोज बघतो. त्या डिस्कवर मी पहिल्यांदा बघितलं की एवढ्या मोठ्या सिनेमाखालीसुद्धा असे हात आहेत. पडद्यावर ते चिलखत दोन सेकंद दिसतं.

मघाशी दादाला फोन लावला. आण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली, या सीनबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. म्हटलं, त्या रात्री मध्येच थांबलास का? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आण्णांपुढं आणि तू उंबऱ्यात बसलेला असताना, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं रे." मग बागेचं विचारलं, पाऊस किती झाला विचारलं, ठेवला.

पेट्या फडताळातून काढून पुसून ठेवल्यात. उद्या सकाळी तासगावला जाताना त्या मुलीला देऊन येतो. त्यांच्याकडे आता डिस्क लावायला काही नसेल, म्हणून प्लेअरही नेतोय, आणि ती लाल-पांढरी-पिवळी वायर. एक पिन थोडी सैल आहे, धरून बसावं लागतं. शिकवून येतो.