विनिपेगचं शहापूर

पालघर जिल्ह्यातल्या नियोजित गारगाई धरणावरून मुंबईकर नातेवाइकांची जुंपली की कुणीतरी मला मध्ये ओढतंच. "तुमच्या कॅनडात बघ, नळाचं पाणी थेट पितात. आपल्याकडे झाडं मोजत बसतात." गारगाईतून मुंबईला रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळायचंय आणि त्यासाठी जंगल बुडणार आहे; वाद तेवढ्यातच फिरतो.

थेट पितो, खरंय. १९०४-०५ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात विषमज्वराची मोठी साथ आली. पुढे शहराने दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकमधून जलवाहिनी आणली. १९१९ पासून ते पाणी नुसत्या उताराने येतं. त्याच सरोवराकाठी 'शोल लेक ४०' ही आदिवासींची वस्ती. जलवाहिनीसाठी तिची जमीन गेली, कालवा खणला आणि वस्तीचं बेट झालं. १९९७ ते २०२१, तब्बल चोवीस वर्षं, तिथल्या लोकांना नळाचं पाणी उकळून प्यायची सूचना होती. बारमाही रस्ता झाला २०१९ मध्ये. शुद्धीकरण केंद्र त्यानंतर उभं राहिलं.

मुंबईकराला हे परकं वाटायला नको. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही तिथलेच. तानसाचं पाणी मुंबईकडे उताराने जातं. उंचावरच्या पाड्यावर चढवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते आणि बिल थकलं की नळयोजना बंद. मग बायका ओढ्यात डवरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. विहिरीत पाण्याच्या अंदाजाने टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकता येते. डवऱ्यातल्या गढूळ पाण्यात किती टाकणार? जुलाब-उलट्या सुरू झाल्या की पाणी उकळून प्या म्हणून सांगायचं. (सरपणही त्याच बाईने आणायचं.) गाव कागदावर हागणदारीमुक्त असतं, पण संडासात ओतायची बादली कुणाच्या डोक्यावरून येणार, हा हिशेब त्या कागदावर नसतो.

गारगाईला माझा सरसकट विरोध नाही. मुंबईतल्या कितीतरी झोपडपट्ट्या आजही पाणी विकत घेतात, त्यांनाही ते हवंच आहे. पण नव्या धरणाचं पाणी मुंबईला येण्याआधी जुन्या धरणांभोवतीच्या पाड्यांवर नळ चालू झाले पाहिजेत. आणि त्या पंपांचं वीजबिल ग्रामपंचायतीच्या गळ्यात न घालता मुंबईच्या पाणीपट्टीतून भरावं. पाणीपट्टी वाढेल, वाढू दे. यावर कुटुंबाच्या ग्रुपवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही; झाडांवर मात्र रोज वीस मेसेज येतात.