तो गाळ दांडीचा आहे, पाण्याचा नाही

आत्याने तोच व्हिडिओ काल तिसऱ्यांदा पाठवला. नळाच्या पाण्यात दांड्यांचं यंत्र बुडवलं की पाणी तपकिरी होतं आणि विक्रेता म्हणतो, ‘एवढं आर्सेनिक, एवढं शिसं रोज पोटात जातंय.’ शेजारच्या ग्लासात आरओचं पाणी, अगदी नितळ. आत्या आरओ फिल्टरच्या बुकिंगचे पैसे भरून मोकळी! म्हणून आता सविस्तर लिहितो.

यंत्रातली एक दांडी लोखंडी असते. वीज सोडली की लोखंड विरघळतं आणि गंजाचा गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, त्यामुळे वीज जेमतेम वाहते, गाळही होत नाही. रविवारी यंत्र घेऊन आलेल्या मुलासमोर मी त्याच्याच ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि बटण दाबायला लावलं. बघता बघता काढा झाला. तो म्हणाला, ‘मीठच खराब असेल.’ धन्य!

शिशाची मर्यादा आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या दहापट शिसं असलं तरी पाणी काचेसारखं दिसेल.

आता असले बाकीचे दावे. ‘टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) ५०च्या आत म्हणजे धातू नाहीत.’ साधा टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून अंदाज बांधतो, तोही एकेका मिलिग्रॅमच्या पायरीने. शिशाची मर्यादा त्या पायरीचा शंभरावा भाग. विषय संपला.

‘दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत.’ हे नाइलाजाने अर्धं मान्य. लॅबमधल्या धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात पाण्याचा फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत जातो, आयन बनतात आणि वस्तुमानानुसार मोजले जातात. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. पण आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ चिकटले की तेही ७५! म्हणजे खारट बोअरच्या पाण्यात नसलेलं आर्सेनिक दिसू शकतं. त्यावर उपाय म्हणून मध्ये हेलियम भरलेला कक्ष असतो. आर्गॉन-क्लोरीनची जोडगोळी आकाराने मोठी, हेलियमच्या जास्त धडका खाते आणि मागे पडते. लॅबने तो वापरला का, हे जरूर विचारा. उलट नमुन्यात नायट्रिक आम्ल घातलं नाही, तर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा कमी येतो.

‘रिपोर्टवर बीडीएल (बिलो डिटेक्शन लिमिट) म्हणजे तपासलंच नाही.’ नाही हो. यंत्राच्या शोधमर्यादेपेक्षा कमी, एवढाच अर्थ. मात्र ती मर्यादा रिपोर्टवर छापलेली हवी.

आत्या, फ्रिजवर ठेवलेली बाटली लॅबची आहे, आत आम्ल आहे. विसळू नकोस. गुरुवारी येऊन मीच भरतो.