‘टाकीला ठोका आणि पंप बदला’ या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या पेट्रोल गाड्यांविषयी एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : गाडी चालता चालता बंद पडली आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाली, की फ्युएल पंप, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप, गेला असे समजावे, किल्ली फिरवल्यावर मागून घूंऽ असा आवाज आला तर पंप ठीक, नाही आला तर निकामी, खात्री करायची असल्यास टाकीच्या बुडाला ठोकून पाहावे, आणि मग मागच्या सीटखालचे झाकण उघडून नवा पंप बसवावा, काम अर्ध्या तासाचे आहे. त्याला जोडून एक ताकीद असते, की टाकी रिकामी ठेवल्यामुळेच पंप जळतात. यातील बहुतेक विधानांत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती पटतात. पण ती जशी सांगितली जातात तशी मानली तर चांगले पंप फेकले जातील, मूळ बिघाड तसाच राहील आणि एखाद्याच्या अंगावर पेट्रोल पेटण्याचा धोकाही आहे.

मुळात हा सल्ला सगळ्या जुन्या गाड्यांना एकच पंप असल्याचे गृहीत धरतो. कार्बुरेटरच्या, म्हणजे पेट्रोल व हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या, बहुतेक गाड्यांत पंप टाकीत नसतोच. तो इंजिनाला चिकटून असतो, कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या दांड्याच्या, फिरण्याने त्याचा पडदा, म्हणजे डायफ्राम, वरखाली होतो आणि तो साधारण 0.3 ते 0.4 बार (दाबाचे एकक) इतकाच दाब देतो. अशा गाडीत किल्ली फिरवून आवाज ऐकण्याला किंवा टाकी ठोकण्याला काही अर्थ नाही. या पंपाची लक्षणेही वेगळी असतात. पडदा फाटला तर पेट्रोल पंपाच्या खालच्या छिद्रातून ठिबकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलपट्टी ओढून वास घ्यावा. पातळी आपोआप वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावाच लागतो. टाकीत बुडालेला विद्युत पंप हा इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाखाली पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या, गाड्यांचा विषय आहे आणि तिथे दाब बहुधा 3 ते 4 बार लागतो. पुढचे विवेचन त्याच पंपाविषयी आहे.

‘गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, म्हणजे पंपच’ हे विधान सर्वांत जास्त नुकसान करते. झिजलेल्या पंपाची मोटर तापल्यावर अडकते हे खरे आहे. पण क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, गती मोजणारा सेन्सरही तापल्यावर नेमका असाच दगा देतो, ठिणगी नियंत्रित करणारे इग्निशन मॉड्यूल देते, आणि रिलेच्या, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, आतील डाकाला (सोल्डरला) गेलेली बारीक चीरही उष्णतेने उघडते व थंडाव्याने मिटते. क्रँक सेन्सरचा संकेत मिळाला नाही तर इंजिनाचा संगणक पंपाचा वीजपुरवठा स्वतःच तोडतो. त्यामुळे पंप धडधाकट असूनही तो मेल्यासारखा भासतो. फरक ओळखण्याची वेळ एकच असते, ती म्हणजे गाडी बंद पडलेली असतानाची. त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते आहे का हे पाहावे. ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही, तर संशय आधी सेन्सरवर जायला हवा. पुष्कळ गाड्यांत स्टार्टर मारताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा, काटा किंचित हलतो. तो शून्यावरच खिळून राहिला तर तेही त्याच दिशेचे चिन्ह आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीत ही चूक माझ्याकडून झाली होती. नवा पंप बसवल्यानंतर आठवडाभरात गाडी पुन्हा तशीच बंद पडू लागली, आणि दोष निघाला तो पंपाच्या अर्थिंगच्या तारेला चढलेल्या गंजाचा. तेव्हापासून मोजमाप केल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही.

आवाजाच्या कसोटीचे दोन्ही अर्धे तपासून पाहावेत असे आहेत. किल्ली फिरवल्यावर बहुतेक गाड्यांत पंप सुमारे 2 सेकंद चालतो आणि इंजिन फिरले नाही तर थांबतो. आवाज आला याचा अर्थ मोटर फिरली, इतकाच होतो. तिने पुरेसा दाब दिला की नाही हे कानाला कळत नाही. आतील चाक झिजलेला, किंवा तळाची जाळी गाळाने बुजलेला पंप निवांत गुणगुणत राहतो आणि गाडी चढावर किंवा जोरात पळवताना अडखळते, कारण मंद गतीला पुरणारे पेट्रोल भाराखाली पुरत नाही. उलट आवाज आलाच नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग कनेक्टर पाहावेत. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंपाची वीज तोडणारे एक सुरक्षा बटण असते. खड्ड्यात जोरात आदळल्यानेही ते उडू शकते आणि पुन्हा दाबले की गाडी सुरू होते. मात्र धक्क्यानंतर बटण दाबण्याआधी पेट्रोल गळत नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे.

टाकी ठोकण्याच्या युक्तीमागे कारण आहे. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की ती एका ठरावीक जागी अडून बसते आणि हादऱ्याने पुढे सरकते. तरीही रबरी हातोड्याच्या त्याच हादऱ्याने सैल कनेक्टरही जुळतो. म्हणून ठोकल्यावर गाडी सुरू होणे हा पुरावा नव्हे. गाडी घरी नेण्यापुरता तो उपाय आहे, आणि तोही लोखंडी हातोड्याने किंवा पत्र्याला पोचे पाडून नव्हे.

खरा निर्णय प्रेशर गेज, म्हणजे दाबमापक, देते. फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) जोडणी असल्यास तिथे, नसल्यास पेट्रोलच्या नळीमध्ये टी आकाराचा जोड बसवून ते लावावे आणि आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेशी ताडावा. ज्या गाड्यांत प्रेशर रेग्युलेटरला, म्हणजे दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम नळी असते, त्यांत मंद गतीवर ती काढताच दाब सुमारे अर्धा बार वाढायला हवा; त्या नळीत पेट्रोल दिसले तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, पंपाचा संबंध नाही. इंजिन बंद केल्यावर दाब लगेच उतरत असेल, तर सकाळी लांबणाऱ्या स्टार्टचे कारण पंपातील एकमार्गी झडप, गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटर यांपैकी एखादे असू शकते. दाब कमी आढळला तरी पंपाला दोषी ठरवण्याआधी तो चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टहून जास्त तूट असेल तर दोष तारांत शोधावा. व्होल्टेज पुरेपूर आहे, फिल्टर स्वच्छ आहे, रेग्युलेटर ठीक आहे आणि दाब तरीही येत नाही, अशी खात्री झाल्यावरच टाकी उघडावी.

रिकाम्या टाकीविषयीची ताकीद अर्धी खरी आहे. पेट्रोल बहुतेक पंपांच्या मोटरमधूनच वाहते आणि तिला थंड ठेवते, त्यामुळे पातळी कमी झाली म्हणून पंप तत्काळ जळत नाही. पण वळणावर पेट्रोल बाजूला सरले की तो कोरडा फिरतो, आणि ते वारंवार घडले तर झीज वाढते. पातळी वारंवार चतुर्थांशाखाली न नेणे शहाणपणाचे आहे, मात्र पंप जाण्याचे ते एकमेव कारण नव्हे.

आता त्या ‘अर्ध्या तासा’विषयी. सीटखाली झाकण सगळ्याच गाड्यांना नसते. अनेकांत टाकीच खाली उतरवावी लागते, आणि भरलेली टाकी एकट्याने पेलणे अशक्य असते. काम मोकळ्या हवेत करावे, जवळ ज्योत, हीटर किंवा उघडा बल्ब नसावा, आणि पेट्रोलच्या आगीला चालणारे अग्निशामक हाताशी हवे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे म्हणजे लाइनमधील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार काढावी. पंप टाकीला धरून ठेवणारी कडी सोडवण्याआधी भोवतीची माती पूर्ण पुसावी, नाहीतर ती टाकीत पडते. कडी पितळी साधनाने फिरवावी, कारण लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी उडते. पंप, जाळी आणि तोंडाशी गळती रोखणारे रबरी कडे एकत्र नवे घ्यावेत, आणि आतील नळी बदलायची असेल तर पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलीच निवडावी, कारण बाहेरून वापरायची साधी नळी बुडल्यावर फुगते व सुटते. टाकीच्या तळाला गंज किंवा गाळ दिसला तर तो काढल्याशिवाय नवा पंप सोडू नये, आणि बाहेरचा फिल्टरही त्याच वेळी बदलावा.

बसवून झाल्यावर किल्ली तीन-चार वेळा फिरवून लाइन भरू द्यावी, इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जोडावर कोरडे फडके फिरवून ओल शोधावी आणि गेजवर दाब पुन्हा वाचावा. पंपाच्या तोंडावरचे हे रबरी कडे नीट बसले नसेल तर टाकी अर्धी असेपर्यंत ते कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी टाकी पूर्ण भरल्यावर झाकण उघडून ती जागा पुन्हा एकदा पाहावी.