काही करत नाही हो तो!

काल संध्याकाळी मी खालून लिफ्टमध्ये शिरलो. एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, वर अंडी. पार्किंगच्या वरच्या पोडियमला दार उघडलं आणि आत आला झ्यूस. सी विंगचा रॉटवायलर. पट्ट्याचं दुसरं टोक एका काटकुळ्या पोराच्या हातात. त्या पोराला कुत्रा फिरवायचे पैसे मिळतात, आणि कोण कोणाला फिरवतं ते अख्खी सोसायटी रोज बघते. त्यांच्या मागून खुद्द मालक, मोबाइलमध्ये डोकं घालून.

मी कोपऱ्यात. कुत्र्याकडे बघू नये म्हणतात, म्हणून समोरची पाटी वाचत उभा राहिलो. आठ माणसं, ५४४ किलो. म्हणजे माणशी ६८. रॉटवायलरचा नर पन्नाशीला सहज टेकतो, म्हणजे हा पाऊण माणूस झाला. एवढा हिशेब होईपर्यंत पाऊण माणसाने पुढचे दोन्ही पाय माझ्या डब्यावर ठेवले आणि तोंडावर भुंकला. लिफ्टच्या त्या पत्र्याच्या खोक्यात! कानात अजून शिट्टी वाजतेय. पोरगा पट्टा ओढतोय, पट्टा हलत नाही. पिशवी भिंतीवर आपटली, अंड्यांचं व्हायचं ते झालं.

मालकाने मान वर केली. म्हणाला, "काही करत नाही हो तो."

अरे, मग हे आत्ता केलं ते काय होतं?

इथवर मी ऐकून घेतलं असतं. हे वाक्य ठाण्यात जन्मल्यापासून ऐकतोय. पण पुढे हा बाबा मला समजावतो, "काका, तुम्ही घाबरलात ना, म्हणून तो अस्वस्थ झाला. त्यांना भीतीचा वास येतो." म्हणजे चूक माझी. माझ्या घामाची. लिफ्टमध्ये शिरण्याआधी मी निर्भय होऊन यायला हवं होतं. मेंटेनन्स मी भरतो, सिंकिंग फंड मी भरतो, टँकरचे पैसे मी भरतो, आणि आता धैर्यसुद्धा मीच आणायचं, कारण साहेबांच्या बाळाला वास येतो.

हेही पोटात घातलं असतं. पण रात्री ग्रुपवर मेसेज आला: 'आज लिफ्टमध्ये एका रहिवाशाच्या वागण्यामुळे झ्यूस खूप डिस्टर्ब झाला आहे. रात्री जेवला नाही. कृपया आमच्या मुलांशी प्रेमाने वागा.' खाली बदामांचा पाऊस. ए विंगच्या बाईंनी विचारलं, "आता बरा आहे ना तो?" चेअरमननी हात जोडले. एकाही माणसाने विचारलं नाही की तो रहिवासी जेवला का. नाही जेवला! ऑम्लेट करणार होतो!

पाठोपाठ पीडीएफ येऊन पडली. ती येतेच. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं. लिफ्टमध्ये कुत्र्याला बंदी करता येत नाही, मझलची, म्हणजे तोंडाला बांधायच्या जाळीची, सक्ती सोसायटीला करता येत नाही, हे भाग पिवळ्या रंगाने रंगवलेले. सार्वजनिक जागी पट्टा हवा, घाण मालकाने उचलावी, हेही त्याच कागदात आहे, पण तिथपर्यंत पिवळा रंग पुरत नाही बहुतेक. पोडियमवरच्या तुळशीच्या कुंड्यांशी काय पडलेलं असतं ते सकाळी येऊन बघा म्हणावं. माझ्या स्कूटरच्या पायदानाबद्दल तर मी बोलतच नाही.

मला कुत्र्यांचा राग नाही, हे आधी ऐका. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर सुप्रीम कोर्टापासून वॉचमनच्या केबिनपर्यंत सगळे बोलतात. आमच्या गेटवरची लाल्या आणि तिचा परिवार कधी कोणावर गुरकावला नाही. माझा राग आहे तो ताकद विकत घेणाऱ्यांवर. याच इसमाकडे ती बुलेट आहे, सायलेन्सर फाडलेली, जी रात्री साडेअकराला घोडबंदर रोडवरून येते तेव्हा कासारवडवलीपासून कळतं. काळ्या काचांची गाडी आहे, जी माझ्या पार्किंगमध्ये हातभर आत असते. आणि आता कुत्रा. कान कापलेले, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. कुत्र्याला काय हौस असते का कान कापून घ्यायची? क्रूरता आहे ती, निव्वळ. उपवनला एकदा एक महाभाग लोकांना दाखवायला पिटबुलचा पट्टा सोडून उभा होता. तळ्याकाठी पोरं, आज्या, भेळवाले. "बघा, माझं सगळं ऐकतो." ऐकत नव्हता. भेळवाल्याचं टोपलं गेलं.

बरं, कायदा आहे म्हणतात. आहे ना. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: प्राण्याबाबत हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधीच्या आयपीसीत हाच दंड हजार होता, म्हणजे प्रगती झाली. मुंबईत २०१० मध्ये रॉटवायलर चावल्याच्या केसमध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली, ती २०२३ मध्ये. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्येच हस्की चावला, शिक्षा झाली २०२५ मध्ये. तोवर कुत्राही म्हातारा. आणि २०२५ च्या जुलैत मुंबईत मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या पोरावर पिटबुल सोडून मालक हसत बसला होता, तो व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांनी मला परत 'काही करत नाही' म्हणून दाखवावं. कुत्रा काही करत नव्हताच, मालक करत होता.

आता कोणीतरी म्हणेल, बंदीच घाला. घातली होती की! मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र धाडलं, तेवीस जाती, लायसन्स देऊ नका, विक्री थांबवा. यादीत पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, आणि एका ओळीत नुसतं 'टेरियर्स'. म्हणजे मांडीवर बसणारं यॉर्कशायर टेरियरसुद्धा खूँखार. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली हायकोर्टाने ते पत्र रद्द केलं, कारण कोणाला विचारलंच नव्हतं. त्यानंतर कळपाचे राखणदार असलेले कॉकेशियन शेफर्ड पुन्हा टू बीएचकेत एसी लावून नांदायला मोकळे. मे महिन्यात ठाण्यात! त्या केसाळ जनावराला कॉकेशसच्या डोंगरातून आणून पातलीपाड्याच्या बाल्कनीत बांधायचं आणि वर स्वतःला पेट पेरेंट म्हणवायचं. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तो गुन्हा आहे. शिक्षा? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आता वडापावच्या दोन प्लेट येतात, त्याही चटणी कमी.

रात्री मी हे सगळं तीन पानांत लिहून काढलं. सेक्रेटरींना पत्र. कलमं, तारखा, अधोरेखित वाक्यं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे ठीक आहे, पण तुम्ही बी विंगच्या पॉमेरेनियनलासुद्धा रस्ता देता." देतो. नौपाड्यात लहानपणी मला पॉमेरेनियनच चावला होता, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली पिढी आहे आमची. तिला वाटलं विषय संपला. मग म्हणाली, "आणि लिफ्टमधून तुमचा आवाज वरपर्यंत आला. तुम्ही त्याला 'अहो, अहो, खाली उतरा' म्हणत होतात." म्हणालो असेन. पन्नास किलोचं कोणी छातीशी उभं राहिलं की माझ्या तोंडून आदरार्थीच येतं. साहेबांनाही ऑफिसात मी असंच बोलतो.

पण मुद्दा सोडत नाही. रिक्षा चालवायची तर बॅज लागतो, बंदूक ठेवायची तर पोलीस चौकशी होते. आणि प्रौढ माणसाला आडवा पाडेल असं जनावर आणायला? लशीचा दाखला जोडा, फी भरा, झालं. मालकाला तो पेलतो का, घरात जागा आहे का, फिरवणार कोण, हे कोणी विचारत नाही. मुळात पिल्लू कुठून आलं हेही नाही. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आणि प्रत्यक्षात? इन्स्टावर डीएम करा, कल्याण फाट्यावर खोक्यातून डिलिव्हरी. इंग्लंडात एक्सएल बुली नावाच्या दांडग्या जातीचा कुत्रा ठेवणाऱ्याला २०२४ पासून बंदीतून सूट मिळाल्याचं सर्टिफिकेट लागतं, बाहेर पट्टा आणि मझल, मायक्रोचिप, नसबंदी, वर तिसऱ्याला इजा झाली तर त्याचा विमा. विमा! माझ्या अंड्यांना कोणी विचारेना इथे. जातींची यादी करून काय होणार, परीक्षा मालकाची घ्या. दोन महिने ट्रेनरकडे पाठवा, कुत्र्याला नव्हे, त्याला. आणि परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: तुमचा कुत्रा काय करतो? 'काही करत नाही' म्हणाला की नापास.

पत्र दिलंय. रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय घेतलाय, सेक्रेटरींनी खास मला फोन करून सांगितलं. क्रमांक सात, पार्किंगच्या खाली. पार्किंगचा विषय आमच्याकडे सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चालू आहे.