मॅनेजमेंटची वकील: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेबर कोर्टातल्या माझ्या पंचवीस वर्षांवरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "कंपन्यांचे पैसे घेऊन कामगाराला उलटतपासणीत खोटं पाडायचं, तारखांवर तारखा घ्यायच्या आणि त्याला करिअर म्हणायचं? रात्री झोप लागते?" तुमच्या वडिलांना कामावरून काढलं, बारा वर्षांनी ते जिंकले, कामावर परत घेण्याचा निवाडा झाला आणि कंपनी हायकोर्टात गेली, हेही तुम्ही लिहिलंत. दोन ओळी खरडून मोकळं व्हावं असा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारखांचं. तिथे तुमचं बरोबर आहे. एकट्या कामगाराच्या वादाचा निवाडा तीन महिन्यांत व्हावा, असं 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातच लिहून ठेवलं होतं. तीन महिन्यांत संपलेला एकही रेफरन्स, म्हणजे सरकारने लेबर कोर्टाकडे पाठवलेला वाद, मी पाहिलेला नाही. याउलट कमर्शियल कोर्ट बघा. तिथे दोन कंपन्या पैशासाठी भांडतात, आणि 2015च्या कायद्याने प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला जास्तीत जास्त 120 दिवस दिले आहेत. 121व्या दिवशी न्यायाधीशांच्या मनात असलं तरी ती दाखल करून घेता येत नाही. मी तिथे कामं चालवली आहेत. कागद गोळा करताना धावपळ होते, पण होतात गोळा. मालाच्या बिलावरून चाललेल्या भांडणात जे जमतं, ते पगार थांबलेल्या माणसाच्या बाबतीत का जमू नये? याचं समर्थन मी करू शकत नाही. "साक्षीदार बाहेरगावी आहे" असे अर्ज मीही दिले आहेत. काही खरे होते. काही क्लायंटला वेळ काढायचा होता म्हणून दिले. ते मी करायला नको होतं.

पण कंपनीचं वकीलपत्र घेतलं की कामगाराच्या मुळावर उठलं, हे मला मान्य नाही. एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं वगळून.

एका कारखान्यातल्या टेम्पररी कामगाराने परमनंट करावं म्हणून तक्रार केली होती. महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्सप्रमाणे, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांप्रमाणे, बारा महिन्यांत 240 दिवस भरले की टेम्पररी माणूस कायम व्हायला हवा होता. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून त्याला वर्षानुवर्षं टेम्पररीच ठेवणं ही 1971च्या एमआरटीयू-पीयूएलपी या महाराष्ट्राच्या कामगारविषयक कायद्याखाली अनुचित कामगार प्रथा ठरते. कंपनीचं म्हणणं, याचे 211 दिवसच भरले. मस्टरही तेच सांगत होतं. अ‍ॅफिडेव्हिट टाइप होऊन तयार होतं, मॅनेजरची सही तेवढी राहिली होती. मी गेटचं रजिस्टर मागवलं. रबरबँड लावलेल्या चार वह्या आल्या. मस्टरच्या जुलैच्या पानावर त्याचं नावच नव्हतं, आणि गेटच्या वहीत मात्र रोज सातच्या आधी तीच डावीकडे झुकलेली सही. जुलैभर, ऑगस्टमध्येही. पेन्सिल घेऊन एकेक ओळ मोजली. 258 भरले.

मालकांना सांगितलं, हे अ‍ॅफिडेव्हिट मी दाखल करणार नाही. ते भडकले. "तुम्ही आमच्या वकील की त्याच्या?" म्हटलं, तुमचीच. उद्या समोरच्याने ही वही कोर्टात मागवली, तर तुमचा मॅनेजर शपथेवर खोटा ठरेल, आणि पुढे तुमच्या खऱ्या कागदावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मग तीन आठवड्यांनी कोर्टात तडजोडीच्या टर्म्स भरल्या आणि माणूस कायम झाला. समोरच्या वकिलांनीही ही वही कधीतरी बाहेर काढली असती, पण तोवर किती वर्षं गेली असती ते तुम्हाला मी सांगायला नको. केबिनचं दार लावून मालकाला "हे चालणार नाही" असं सांगायची सोय फक्त त्याच्या वकिलाला असते. युनियनचं तो ऐकत नाही, मॅनेजर बोलायला घाबरतो. म्हणून मी त्या बाजूला राहिले.

आता उलटतपासणी. कामावरून काढलं त्या काळाच्या मागच्या पगाराच्या मागणीवर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की आपल्याला काम नव्हतं एवढं कामगाराने शपथेवर सांगायचं, तो कमवत होता हे सिद्ध करायचं काम मालकाचं. त्यामुळे कंपनीच्या वकिलाला ते विचारावंच लागतं. एकदा मी साक्षीदाराच्या हातात फोटो दिला. भाजीची हातगाडी, मागे तो उभा.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

"म्हणजे धंदा करत होतात."

"गाडी बायकोची आहे, मॅडम. ती दवाखान्यात होती. तो आठवडा मी उभा राहिलो."

कोर्टाने उत्तर शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी उगाच फाइल चाळत राहिले, कारण पुढचा प्रश्नच नव्हता. प्रश्न विचारणं माझं काम होतं, आजही विचारेन. पण फोटो कोणी काढला, कधी काढला, दुसऱ्या दिवशी गाडीवर कोण होतं, हे आधी विचारायला हवं होतं. त्यानंतर तेवढं विचारल्याशिवाय एकही फोटो वापरला नाही. झोपेचं विचारलंत, तर त्या रात्री लागली नव्हती.

आणि तुमचे वडील. लेबर कोर्टाने कामावर घ्यायला सांगितलं आणि कंपनी हायकोर्टात गेली, तर 2025 पर्यंत लागू असलेल्या त्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 17ब होतं (नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच सोय आहे). ते 1984 मध्ये लागू झालं. हायकोर्टात प्रकरण चालू असेपर्यंत कंपनीने कामगाराला शेवटच्या दराने पूर्ण पगार द्यायचा असतो. अट एवढीच, की तो दुसरीकडे नोकरीला नाही असं अ‍ॅफिडेव्हिट त्याने कोर्टात द्यायचं. बऱ्याच जणांकडून हे राहून जातं. दरमहा पैसे भरावे लागले की कंपनीला तारखा घेण्यात रस उरत नाही, हे मी त्या टेबलावर बसून पाहिलं आहे. वडिलांच्या वकिलांना याच आठवड्यात विचारा, अर्ज झालाय का. शेवटची पगाराची स्लिप सापडली तर सोबत जोडा. नसेल तर त्या काळातला पीएफचा उतारा शोधा, तोही उपयोगी पडतो.