‘मेसेज गायब, वर स्पीडही मुद्दाम कमी’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. ऐन गर्दीच्या वेळी तुमच्या ऑर्डरी अडकल्या आणि ग्राहकांची बोलणी तुम्हाला खावी लागली. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

मेसेज हरवले याचा राग मी समजू शकतो. पण तुमचं पुढचं वाक्य माझ्याच्यानं सोडवत नाही: ‘कन्फर्म चालू केलं तर स्पीड पार बसला, मोठा प्लॅन गळ्यात मारायची ही ट्रिक आहे.’ (‘कन्फर्म’ म्हणजे मेसेज मिळाल्याची आमच्या सर्व्हरने दिलेली पोचपावती.) आमची टीम छोटी आहे. रॅबिटएमक्यू, म्हणजे एका प्रोग्रॅमचे मेसेज रांगेत (क्यूमध्ये) ठेवून दुसऱ्याला पोचवणारं सॉफ्टवेअर, आमच्या सर्व्हरवर चालवून देणं हा आमचा एकमेव धंदा आहे, आणि नवीन माणूस आमच्याबद्दल सगळ्यात आधी इथलेच अभिप्राय वाचतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी रीस्टार्टचं, म्हणजे मेंटेनन्ससाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि तुमचे मेसेज हरवले त्या रात्रीचं. त्या मेंटेनन्सची मेल आधी गेली होती. त्या रात्री तुमचं चॅनल (मेसेज पाठवायची तुमची वाट) कन्फर्म मोडमध्ये नव्हतं, हे तुम्हीच अभिप्रायात लिहिलं आहे. साध्या पब्लिशला, म्हणजे मेसेज पाठवण्याला, ब्रोकरकडून (रॅबिटएमक्यूच्या सर्व्हरकडून) काहीच उत्तर येत नाही. तुमच्या प्रोग्रॅमने मेसेज सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) लिहिला की त्याच्या दृष्टीने काम झालं. नेमकं त्याच क्षणी कनेक्शन तुटलं, तर तो आमच्यापर्यंत आला की वाटेत राहिला हे ना तुम्हाला कळतं ना आम्हाला. क्यू ड्युरेबल (रीस्टार्टनंतरही टिकणारी) असून आणि मेसेज पर्सिस्टंट (डिस्कवर लिहून ठेवला जाणारा) असूनही हे होतं, कारण त्या दोन्ही गोष्टी मेसेज ब्रोकरच्या हातात पडल्यानंतरच्या आहेत. ज्याची पोचपावती आम्ही दिली आणि मग हरवला, असा एकही मेसेज तुमच्या तक्रारीत नाही.

आता स्पीड. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक पब्लिशनंतर लगेच ‘वेट फॉर कन्फर्म्स ऑर डाय’, म्हणजे पोचपावती येईपर्यंत थांबायला लावणारी आज्ञा, लावलं. म्हणजे एक मेसेज पाठवायचा, थांबायचं, अ‍ॅक (पोचपावती) आला की दुसरा. तुमची क्यू तीन नोड्सची (सर्व्हरची) क्वोरम क्यू आहे, म्हणजे तिची प्रत तिन्हींवर असते; तिथे किमान दोन नोड्सनी मेसेज डिस्कवर लिहिल्याशिवाय अ‍ॅक निघत नाही. निघूच नये, कारण त्या खात्रीसाठीच तर क्वोरम क्यू घ्यायची. हिशेबासाठी समजा, या सगळ्याला जाऊन-येऊन 20 मिलिसेकंद लागतात. मग त्या एका चॅनलवरून सेकंदाला 50च मेसेज जाणार. दुप्पट ताकदीचं मशीन दिलं तरी फार फरक पडणार नाही, कारण सगळा वेळ वाट बघण्यात जातोय. म्हणूनच तुम्ही तिकिटात मोठ्या प्लॅनबद्दल विचारलंत तेव्हा आम्ही ‘आत्ता घेऊ नका, उपयोग होणार नाही’ असं लेखी उत्तर दिलं. ते तिकीट तुमच्याकडे अजून असेल, कृपया एकदा बघा. ट्रिक करायची असती तर हे उत्तर कशाला दिलं असतं?

उपायही त्याच तिकिटात दिला होता. इथे पुन्हा लिहितो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. पोचपावतीसाठी थांबायचं नाही, ती आली की ऐकायची. चॅनल कन्फर्म मोडमध्ये टाकलं की त्यावरच्या मेसेजना 1 पासून क्रमांक लागतात. पब्लिश करण्याआधी पुढचा क्रमांक विचारून घ्या आणि मेसेज त्या क्रमांकाखाली एका क्रमवार मॅपमध्ये (क्रमांकानुसार लावलेल्या यादीत) ठेवा. आधीच ठेवा. नाहीतर कधीकधी अ‍ॅक नोंदीच्या आधी येऊन जातो आणि ती नोंद कायमची लटकते. मग बिनधास्त पब्लिश करत राहा आणि कन्फर्म लिसनर (पावती आली की आपोआप चालणारा कोड) लावून ठेवा. समजा 51 ते 60 पाठवलेत आणि 57चा अ‍ॅक ‘मल्टिपल’ (इथपर्यंतचे सगळे) खूण लावून आला, तर 57पर्यंतचे सगळे पोचले, ते मॅपमधून काढा. आता कनेक्शन तुटलं तर पुन्हा पाठवायचे ते 58, 59 आणि 60 एवढेच. त्यातला एखादा आधीच पोचलेला असू शकतो, म्हणून मेसेजमध्ये स्वतःचा आयडी ठेवा आणि कन्झ्युमरने (मेसेज घेणाऱ्या प्रोग्रॅमने) तोच आयडी दुसऱ्यांदा दिसला तर तो मेसेज सोडून द्यावा. नॅक (मेसेज स्वीकारला नाही असा निरोप) आला तर मेसेज थेट कॉलबॅकमधून, म्हणजे लिसनरच्या कोडमधूनच, पुन्हा पब्लिश करू नका. तो कॉलबॅक कनेक्शन सांभाळणाऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यावर) चालतो, तो अडकवू नये. मेसेज वेगळ्या यादीत टाका आणि पब्लिश करणाऱ्या थ्रेडला उचलू द्या.

एका वेळी किती मेसेज पावतीविना बाहेर राहू द्यायचे यावर मर्यादा मात्र हवी. 500 ठेवलेत तर त्याच 20 मिलिसेकंदांत सेकंदाला 25,000पर्यंत वाव मिळतो. तेवढे जातीलच असं मी म्हणत नाही, तिथे पोचेपर्यंत नेटवर्क आणि डिस्क आडवे येतील. पण मोठ्या प्लॅनची चर्चा त्या टप्प्यावर करायची असते, 50वर नाही. रॅबिटएमक्यूमध्ये कन्फर्मची सोय 2011 मध्ये आली ती स्पीडच्याच कारणाने. त्याआधी खात्री हवी तर ट्रान्झॅक्शन (प्रत्येक वेळी ब्रोकरकडून पक्कं करून घेणं) हाच रस्ता होता, आणि तो फार संथ होता.

अजून एक, कारण तुमच्या राउटिंग की (मेसेज कुठल्या क्यूत जायचा ते सांगणारी खूण) बदलत असतात. मेसेज कुठल्याच क्यूला लागू पडला नाही तरी ब्रोकर अ‍ॅक देतो आणि मेसेज टाकून देतो. पब्लिश करताना ‘मँडेटरी’ ही खूण लावलीत तर आधी तो मेसेज परत येतो, मग अ‍ॅक. ती कृपया लावून घ्या.

तुमची ‘डॉक्युमेंटेशन समजत नाही’ ही तक्रार आम्ही मनावर घेतली आहे. त्या पानांवर काम चालू आहे, मेंटेनन्सच्या सूचनेतही काही बदल करणार आहोत.

तुमचा कोड मी इथे टाकलेला नाही, टाकणारही नाही. तिकीट उघडंच ठेवलंय. कन्फर्म लिसनरची जोडणी आमचा माणूस तुमच्यासोबत कॉलवर बसून करून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यानंतरही स्पीड मिळाला नाही तर एक स्टार तसाच राहू द्या, माझी हरकत नाही. फक्त ‘ट्रिक’ हा शब्द, तिकिटातलं आमचं उत्तर पुन्हा वाचून झाल्यावर, ठेवायचा की काढायचा ते ठरवा, एवढी विनंती आहे.