एका कॅप्सूलने संधिवाताचा डोस होत नाही

‘रोज एक फिश ऑइलची कॅप्सूल घेतली की शरीर रिझॉल्व्हिन (सूज शमवणारे रेणू) बनवतं आणि संधिवाताची सूज ओसरते’, हे एका लेखातलं वाक्य दिशाभूल करणारं आहे. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए ही कामाची ओमेगा-३ मेदाम्लं साधारण १८० आणि १२० मिलिग्रॅम, बाकी नुसतं तेल. रुमॅटॉइड संधिवाताच्या अनेक चाचण्यांत दोन्ही मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास दिलं गेलं, तेही किमान ३ महिने. म्हणजे अशा दहा कॅप्सूल रोज! त्यातही फरक दिसला तो सकाळचा ताठरपणा, दुखरे सांधे आणि वेदनाशामकांची गरज यांत. सांध्यांची झीज रोखायला मेथोट्रेक्सेटसारखी औषधंच लागतात, ती कृपा करून परस्पर बंद करू नका. जवसानेही हे भागत नाही, कारण त्यातल्या एएलए या ओमेगा-३ मेदाम्लाचं ईपीएत रूपांतर फारच थोडं होतं.

मुळात ईपीए हा फक्त कच्चा माल. शास्त्रज्ञ चार्ल्स सेऱ्हान यांच्या गटाने शोधलेले रिझॉल्व्हिन अत्यल्प मात्रेत सुजेच्या जागी धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची आवक थांबवतात आणि मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींना मेलेल्या पेशी उचलायला लावतात. पण शरीरातली एन्झाइम्स त्यांना पटकन निष्क्रिय करतात, औषध बनवताना घोडं अडतं ते इथेच. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डबीवरचा पुढचा मोठा आकडा सोडून मागचे ईपीए-डीएचएचे आकडे वाचा. फोडल्यावर खवट वास आला तर टाकून द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर एवढा मोठा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.